सारवण

बोट भिंतीत गेलं.

दर्शना कुबल नुसती वाकली होती. खाटेवरच्या बाळंतीण नणंदेला शेपांचं पाणी द्यायचं, म्हणून एका हातात तांब्या आणि तोल सावरायला दुसरा हात भिंतीला. काल-परवापर्यंत ठोकली तर टणटण वाजायची अशी ती भिंत. आज बोट पहिल्या पेरापर्यंत आत रुतलं. तिनं ते झटकन ओढून काढलं. बोटाला काळपट चिकटा लागला होता आणि त्याला ओल्या, कुजलेल्या गवताचा वास येत होता.

"काय झाला गो वहिनी?" मनालीनं विचारलं.

"काय नाय. तू पी."

पण तिची नजर भिंतीवरून हलेना. मनालीच्या कुशीत पाच दिवसांची पोर झोपली होती आणि तिच्या टाळूच्या बरोबर वर ती भिंत. भिंतीच्या वर छप्पर. बाहेर सकाळपासून पाऊस लागलेला, आणि मोबाइलवर सारखा इशारा वाजत होता, की वादळ आज संध्याकाळी किनाऱ्याला लागणार.

आता ही घरं कसली, ते सांगायलाच हवं. नाहीतर एवढं घाबरायचं काय, असं वाटेल एखाद्याला.

वेळखोल नावाचं कोळ्यांचं गाव समुद्रानं गिळलं. एका दिवसात नव्हे, सावकाश. आधी विहिरी खाऱ्या झाल्या, मग माड वाळले, मग भरतीचं पाणी उंबऱ्याशी येऊन बसायला लागलं. सरकारनं माणसं उचलली आणि वर सड्यावर आणून ठेवली. सडा म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार. परक्याला वाटतं, ओसाड माळ आहे, काय बिघडतंय इथं. पण पावसाळ्यात त्याच कातळावर वीतभर मातीत अशी फुलं येतात, जी जगात दुसरीकडे कुठंच येत नाहीत. शिवाय आभाळातून पडलेलं सगळं पाणी त्याच्या फटींतून मुरत खाली जातं आणि पायथ्याच्या झऱ्यातून वर्षभर बाहेर येतं. खालची झरवाडी त्यावर जगते, आणि आता वरची वस्तीसुद्धा.

जगभर हेच होत आलं होतं. संकटातून वाचलेली माणसं कुठंतरी वसवायची, त्यांनी सरपणासाठी रान तोडायचं, सिमेंट-प्लास्टिकनं ओढे बुजवायचे, आणि दहा वर्षांनी तो डोंगरच अंगावर यायचा. म्हणून या वेळी मदत संस्थेनं ठरवलं, की माणसांना छप्पर द्यायचं, पण जमिनीला ओरखडा उठू द्यायचा नाही. त्यासाठी डॉ. केतकी आगाशे यांनी घरं उगवली. हो, उगवलीच. भाताचा पेंढा साच्यात भरायचा आणि त्यात अळंबीच्या जातीची बुरशी सोडायची. तिचे पांढरे बारीक धागे पेंढ्यातून फिरतात आणि त्याला असं घट्ट बांधतात, की दगडासारखी लादी तयार होते. लादी हलकेच वाळवली की बुरशी झोपी जाते, मरत नाही. भिंतीला चीर पडली, तर तेवढ्यापुरती जागी होऊन ती बुजवते. बांबू तोडायचे नाहीत म्हणून खांबसुद्धा नव्हते. छप्पर थेट भिंतींवर.

आणि लोकांना कायमचं गाव मिळालं, की एका जंतूचं पाणी या घरांवर फवारायचं. तो जंतू धागे खातो. दोन-तीन आठवड्यांत घराची माती, आणि सडा जसा होता तसा. विटेचा तुकडासुद्धा मागे राहणार नाही.

या सगळ्या नियमांची राखण करायला संस्थेनं वस्तीतलीच बाई नेमली, दर्शना. झाड तोडू नको, चर खणू नको, गुरं आणू नको, साबणाचं पाणी फटीत सोडू नको. दोन वर्षं ती हेच सांगत फिरली. बायका तिला तोंडावर ताई म्हणायच्या आणि पाठीमागे फॉरेस्टवाली. ती आली की झऱ्यावरच्या गप्पा बंद व्हायच्या. एकाच विहिरीचं पाणी प्यालेल्या बायका आपल्याशी परक्यासारख्या वागतात, याचं तिला फार लागायचं, पण करणार काय?

म्हणून या दिवाळीला बायकांनी विचारलं, "ताई, झरवाडीतून शेण आणू? सारवल्याबिगर घर घरासारखा वाटना नाय," तेव्हा तिचा जीव विरघळला. शेण ते शेण. मातीतून आलेलं, मातीत जाणारं. यात कसलं आलंय प्रदूषण! ती हसून म्हणाली, "आणा की. मी पण येतंय." दोन वर्षांत पहिल्यांदा बायका तिच्याबरोबर खिदळत वाट उतरल्या. डोक्यावर शेणाची पाटी घेऊन ती वर आली. घराघरात जमिनी सारवल्या गेल्या, भिंतीच्या पायाशी हातभर पट्टे ओढले गेले. नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, म्हणून तिची खोली तर दर्शनानं स्वतः दोन हात देऊन सारवली.

तिनं आता त्या पट्ट्याकडे पाहिलं. पट्ट्याच्या वर हातभर भिंत काळी पडली होती.

ती पावसात बाहेर पळाली आणि शेजारच्या भिंतीला बोट लावलं. मऊ. त्याच्या पुढची, मऊ. गुरुनाथ तारीच्या, म्हणजे मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनच्या घराची तर ओंजळभर भिंत हातात आली. तिथंच वळचणीला उभं राहून तिनं डॉ. आगाशेंना फोन लावला.

"मॅडम, भिंती विरघळतायत."

"शक्य नाही," त्या म्हणाल्या. "फवारा तर आमच्या कपाटात आहे. पावसानं, खाऱ्या वाऱ्यानं, वाळवीनं काही होत नाही, सगळं तपासलंय आपण. गुरं आली होती का वर?"

"गुरं नाहीत आली. दिवाळी आहे ना. सारवलंय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मॅडम?"

"शेणानं?" त्यांचा आवाज एवढासा झाला होता. "दर्शना, तो फवाऱ्यातला जंतू आम्ही गाईच्या पोटातूनच काढलाय. पेंढा पचवतो तोच. सड्यावर गुरं आणायची नाहीत असा नियम होता, म्हणून शेण... कुणाच्या डोक्यातच आलं नाही ते. मी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहते गं. सारवणं मी लहानपणी पाहिलेलं."

"पोरगी आहे घरात, पाच दिवसांची. काय करू ते सांगा."

"बाहेर काढा सगळ्यांना."

"कुठं काढू? घाटात दरड आलीय, बस उद्याशिवाय नाही. झरवाडीच्या वाटेवर व्हाळाला छातीभर पाणी आहे. वादळात टिकणारी घरं म्हणून आम्हाला हलवण्याच्या यादीत शेवटी टाकलंय तुम्ही लोकांनी!"

ती रडकुंडीला आली होती. डॉ. आगाशे भराभर बोलू लागल्या. ओल मिळाली की ताज्या शेणातला जंतू फवाऱ्यापेक्षा फार जलद, काही तासांत भिंत खातो. तो ओल्या चिखलातून पसरतो, पायांना लागून जातो. मीठ लागलं तर मरतो. भिंतीच्या पायाशी मिठाचा ढीग लावला, तर जंतूही मरेल आणि बुरशीही, पण मेलेली भिंत उभी राहील. "पण तसं करू नको, ऐक. ते मीठ पावसानं कातळात उतरेल आणि झऱ्यात जाईल. मग किती वर्षं पाणी खारं राहील, मला सांगता येणार नाही. न सारवलेलं एकही घर नाही का वस्तीत?"

दर्शनानं फोन ठेवला आणि मागे वळली. तिच्या मागे गुरुनाथ उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"मीठ ना?" तो म्हणाला. "मीठ आसा आपल्याकडे. शेड भरलेली आसा."

मासे खारवायचं सोसायटीचं मीठ. वस्तीच्या टोकाला, चार खांबांवर पत्रे टाकलेल्या शेडमध्ये, पोत्यांवर पोती.

"गुरुभाऊ, नको. झर खारी होतली. परत तीच गत."

"आणि घर पडला तर? पाणी मगे बघू. आधी जीव."

घरी सासू, वनिताबाई, तिनंही तेच म्हटलं. "त्या झरीचा काय घेवन बसलंस? माझ्या नातीच्या डोक्यार छप्पर होया." खरं सांगायचं तर दर्शनालाही तेच वाटत होतं. हात शिवशिवत होते तिचे, धावत जावं आणि पोती फोडावीत. पण वेळखोलच्या विहिरीचा पहिला खारट घोट तिनं स्वतः घेतला होता, आणि त्या दिवसापासूनच गाव गेलं हे तिला ठाऊक होतं.

न सारवलेलं घर. कुठलं?

आणि तिला एकदम आठवलं. वरच्या रांगेतली तीन घरं. ज्यांच्याकडे वर्षाच्या आत माणूस गेलंय, त्यांना सण नाही. कंदील नाही, फराळ नाही, सारवण नाही. त्यातलं मोठं घर चित्रा मेतरचं.

त्या दाराची पायरी दर्शना कित्येक महिने चढली नव्हती.

चैत्रात चित्राकाकीचा नवरा गेला. सरणाला लाकडं हवी होती. सड्याच्या कडेला एक जुनी जांभूळ होती, तिच्या दोन फांद्या मागितल्या होत्या लोकांनी. दर्शना नियमाचं बोट धरून उभी राहिली, नाही म्हणजे नाही. शेवटी प्रेत टेम्पोत घालून शहरातल्या विजेच्या दाहिनीत नेलं. त्या दिवसापासून चित्राकाकी तिच्याशी शब्द बोलली नव्हती.

ती दारात जाऊन उभी राहिली. अंगावरून पाणी निथळत होतं.

"काकी, भिंतीक हात लावू?"

चित्राकाकीनं तिला नखशिखांत न्याहाळलं. "लाव."

भिंत टणक होती. दगड. दर्शनानं दोन्ही हात लावून पाहिलं, कपाळ टेकवून पाहिलं, आणि मग तिला हुंदका आवरला नाही. रडत रडतच तिनं सगळं सांगितलं.

चित्राकाकी म्हणाली, "माझ्या घोवाक दोन लाकडा नाय दिलंस तू."

"नाय दिलंय."

"झाड मोठा वाटला तुका."

"चुकलंय काकी. त्या दिवशी माका नियमापुढे माणूस दिसलो नाय. तुमी माका घरात घेव नकात. पण मनालीक घेवा. पोराक घेवा."

चित्राकाकीनं दार पुरतं उघडलं. मग म्हणाली, "पोरान माझा काय केल्यान? आण जा तेंका. सगळ्यांका आण. आणि असा रडा नको, भिती वाटता तुझ्याकडे बघून."

दुपारभर माणसं हलवली. तिन्ही घरांच्या दारात मिठाच्या पाण्याचं एकेक घमेलं ठेवलं, आणि दर्शना स्वतः चित्राकाकीच्या दारात बसून प्रत्येकाचे पाय घासून घेत होती. चपला बाहेर, सामान बाहेर, कपड्यांची बोचकी बाहेर. गुरुनाथ धुसफुसत होता, पण त्यानंही पाय पुढे केले. अडून बसली ती सासू. "पाच दिवसांच्या पोराक दुखवट्याच्या घरात? आज-उद्या सटवीची पूजा, आणि तू तेका थंय नेतंस? माणसा काय म्हणतली?"

तेव्हा मनालीच खाटेवरून उठली. पोटाला बांधलेला पट्टा आवळला, पोर छातीशी धरली आणि म्हणाली, "आये, सटवीक पत्तो सांगून ठेव." आणि चालायला लागली. सासू बडबडत मागे निघाली.

दिवेलागणीला वादळ आलं.

घरं पडताना आवाज होतो, हे सगळ्यांना ठाऊक. वाशांचा कडकडाट, कौलांचा खडखडाट. इथं तसलं काहीच झालं नाही, आणि भीती वाटली ती त्याचीच. खिडकीतून दर्शनाला आपलं घर दिसत होतं. ते आधी खांद्यात झुकलं, मग छप्पर हळूच खाली बसलं आणि भिंती चिखलासारख्या बाजूला पसरल्या. जिथं मनालीची खाट होती, तिथं आता काळा ढीग होता आणि त्यावरून पाणी वाहत होतं. एकामागून एक घरं तशीच बसत गेली. आत दाटीवाटीनं उभी असलेली माणसं देवाचं नाव घेत होती, आणि प्रत्येकाचा एक हात भिंतीवर होता. वाऱ्यानं दार हादरलं की सगळे हात एकदम दाबले जायचे. भिंत टणक लागायची. मग कुणीतरी श्वास सोडायचं.

आणि मग मनालीचा आवाज आला. "वहिनी, हंय ओला लागता हा."

कोपऱ्यात ती भिंतीला टेकून बसली होती. दर्शनानं टॉर्च मारला. भिंतीच्या पायाशी परातीएवढा काळा डाग होता. त्याच्याशी पोर निजलेली, आणि पोरीखाली गोधडी. घरची गोधडी. पोरीला तेल लावायला सारवलेल्या जमिनीवर चार दिवस अंथरलेली.

दर्शनानं सासूकडे पाहिलं. वनिताबाईनं पदर तोंडाशी नेला. "लेकरू गार जमनीर कसा ठेवू गो?" ती पुटपुटली. "पदराखाली घालून आणलंय. माका काय ठावक?"

कुणाला राग यायलासुद्धा उसंत नव्हती. दर्शनानं गोधडी दाराबाहेर भिरकावली, घमेल्यातलं मिठाचं पाणी डागावर ओतलं. डाग थांबला नाही. तो आत शिरला होता. बोट लावलं तर पेरभर रुतलं. वर छप्परात बारीक चिरकल्यासारखा आवाज झाला आणि पेंढ्याचा भुसा चित्राकाकीच्या केसांवर पडला.

सगळे दर्शनाकडे बघत होते. मीठ हा शब्द एकानंही काढला नाही. गुरुनाथनंसुद्धा. पोर रडायला लागली.

दर्शना उठली, दार उघडलं आणि वाऱ्यात शिरली. शेडचे पत्रे उडून गेले होते. ती पोत्याला मिठी मारून ओढायला लागली तेव्हा तिच्या बाजूला गुरुनाथ आला, मग आणखी माणसं आली. त्यांनी पोती ओढली, कोयत्यांनी फाडली आणि चित्राकाकीच्या घराच्या भिंतींशी आतून-बाहेरून मिठाचा बांध घातला. पाऊस ते मीठ विरघळवत होता, ते पुन्हा टाकत होते. विजेच्या उजेडात दर्शनाला दिसलं, पांढरट पाणी कातळावरून वळवळत जात होतं आणि फटी ते पीत होत्या. ती बघत होती आणि पुढचं पोतं फाडत होती. थांबावं असं एकदाही तिच्या मनात आलं नाही. तिच्या कानात पोरीचं रडणं होतं.

भिंत उभी राहिली.

वादळ गेलं. एक माणूस दगावला नाही. बस आल्या, कापडी तंबू आले, फोटो काढणारे आले. चित्राकाकीच्या घरातच पोरीचं बारसं झालं. दर्शनाला बायकांनी मध्ये बसवून तिच्या हातात पेढे दिले, आणि तिनं ते तसेच पदरात बांधून ठेवले. डॉ. आगाशे येऊन गेल्या. कातळातून पाणी मुरायला वेळ लागतो, त्या म्हणाल्या. कदाचित पावसात धुऊन गेलंही असेल. कदाचित. तेव्हापासून दर्शना रोज सकाळी सगळ्यांच्या आधी झऱ्यावर जायची, ओंजळभर पाणी तोंडात धरायची, जिभेवर घोळवायची. गोड. दुसऱ्या दिवशी पुन्हा जीव मुठीत धरून जायची. गोड. तिला झोप लागायची ती तेवढ्या ओंजळीवर.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी तिनं ओंजळ तोंडाला लावली आणि ती तशीच थांबली.

पुन्हा एकदा घेतलं. जीभ टाळूला लावून पाहिली. ही चव ती विसरणं शक्यच नव्हतं.

मागे वस्तीतल्या बायका हंडे घेऊन आल्या होत्या. पुढे चित्राकाकी, तिच्या कडेवर मनालीची पोर.

"काय गो? सरक ना."

"खारा झाला पाणी," दर्शना म्हणाली. "माझ्या हातान."

चित्राकाकीनं वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं. मग ते बोट पदराला पुसलं, फार सावकाश, आणि पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"एकटीच्या हातान नाय," ती म्हणाली. "आमी सगळी आत होतो."

तेवढ्यात खालच्या वाटेवर बांगड्यांचा आणि हसण्याचा आवाज आला. झरवाडीच्या बायका पाण्याला येत होत्या. ज्यांनी दिवाळीला पाट्या भरभरून शेण दिलं होतं, पैसे घेतले नव्हते, त्याच. त्यांच्या आयांनी, आज्यांनी हेच पाणी भरलं होतं. त्यांना कुणीच अजून काही सांगितलं नव्हतं. दर्शना वाट उतरून त्यांच्याकडे निघाली, आणि थोडं पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की मागून चित्राकाकीही येतेय.